बुडवण्याची सोय नाही

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती, हे या सदराच्या जुन्या वाचकांना पाठ झालंय. ती बंद पडली तेव्हा मी लागोपाठ दोन आठवडे गळा काढला होता आणि ‘आता पुरे’ असा निरोप संपादकांकडून आला होता. तर त्याच गाळ्यात आता कॉफीचं दुकान उघडलंय. म्हणजे दळण चालूच आहे, गहू गेले आणि बिया आल्या. पूर्वी डबा ठेवताना आपण बजावायचो, ‘जरा रवाळ काढा, लाडवाचं आहे.’ आता किती जाड, किती बारीक हे दळणारा मुलगाच आपल्याला समजावून सांगतो, आणि पाच मिनिटं सांगतो.

मला तिथे भाचीनं नेलं. दारातच तंबी मिळाली, “मावशी, आधी पिऊन बघ हं. उगाच नावं ठेवू नकोस.”

मी कशाला ठेवू? फळ्यावर खडूनं ती आधीच ठेवलेली होती. गुलकंद कॉर्टाडो. गूळ-सुंठ लाटे. कोकम कोल्ड ब्रू टॉनिक. खाली बारीक अक्षरात त्या आठवड्याच्या बियांची चव लिहिलेली: फणस, काळा गूळ, संत्र्याची साल. फणस दिसला म्हणून मी चौकशी केली, तर त्यात फणस नसतो म्हणे, त्याची ‘जाणीव’ असते. आमच्याकडे जाणीव फुकट असायची, पैसे फणसाचे पडायचे.

कोकम टॉनिक मागवलं. उंच ग्लास, मोठे बर्फाचे तुकडे, तळाशी लालजांभळा आगळ आणि वर काळी कॉफी तरंगतेय. पहिल्या घोटाला कडू, दुसऱ्याला आंबट, आणि तिसऱ्याला नाकात बुडबुडे. पित्त झालं की घ्यायचं ते कोकम आणि ज्यानं पित्त होतं ती कॉफी, दोन्ही एकाच ग्लासात. रोग आणि औषध एकदम पोटात. पण खोटं कशाला बोलू, बरं लागलं. ग्लास मी संपवला. भाचीनं त्याचा फोटो काढून तिच्या आईला पाठवला.

माहिती हवी असणाऱ्यांसाठी थोडक्यात. एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीतून साधारण नऊ बार दाबानं गरम पाणी पंचवीस-तीस सेकंदांत काढायचं. कोल्ड ब्रू म्हणजे गार पाण्यात जाडसर दळण बारा-अठरा तास भिजत ठेवायचं. पहिल्यात घाई, दुसऱ्यात रात्रभराची वाट. बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया लपवून आणून चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, ही कथा तुम्हाला ठाऊक असेलच. ती सांगितल्याशिवाय तो दळणारा मुलगा कुणाला सोडत नाही. कॉफी आपल्या चिखलदऱ्यालाही पिकते, हे मी त्याला सांगितलं. त्यानं वहीत लिहून घेतलं. मुलगा चांगला आहे.

खरी पंचाईत खाण्यापाशी झाली. काचेच्या कपाटात ठेच्याचा क्रोसाँ होता, पुरणाचा क्रोसाँ होता. (पुरण आहे तर कटाची आमटी कुठे, हे मी मनातच म्हटलं. भाचीनं नंतर सांगितलं की मोठ्यानं म्हटलं.) मी साधा घेतला, दोनशे दहा रुपयांचा. भाची म्हणाली, “ह्याचं लॅमिनेशन बघ.” मला लॅमिनेशन म्हटलं की आधार कार्ड आठवतं. तर ते म्हणजे कणकेत लोणी ठेवून घड्या घालणं. तीनदा तिघडी घातली की सत्तावीस पदर. मी म्हटलं, अगं बाई, हे चिरोट्याचं काम! फक्त साट्याऐवजी लोण्याची लादी, आणि पीठ यीस्टनं फुगवलेलं. चिरोट्याचा पदर सुटला नाही म्हणून माझ्या सासूबाई दिवाळीच्या तोंडावर दोन दिवस अबोला धरायच्या. लॅमिनेशन बिघडलंय हे त्यांना म्हणता आलं असतं तर निदान विषय निघाला असता.

आणि यीस्ट काढून टाका, लोण्याच्या जागी वनस्पती तूप घाला, आकार चौकोनी करा, की काय उरतं? खारी.

एकदा खारी आठवली आणि मग माझं त्या दुकानात लक्ष लागेना. रविवारी सकाळी सायकलच्या कॅरियरला पत्र्याची पेटी बांधून खारीवाला यायचा. झाकण उघडलं की आधी तो वास, मग बटर, टोस्ट, नानकटाई यांचे कप्पे. खारी वजनावर. वडील चहाचा कप पुढ्यात घेऊन बसायचे आणि खारीचं टोक चहात घालायचे. किती वेळ? दोन मोजेपर्यंत. एकाला काढली तर आत कोरडी, तिनाला काढली तर हातात नुसतं वरचं कवच. दोनाला काढली की खालचे पदर चहा पिऊन जड झालेले आणि वरचे दोन अजून कुरकुरीत. अशी खारी तोंडात जाताना मिशीला एक पापुद्रा चिकटायचाच. शेवटी कपाच्या तळाशी साखर, चहा आणि खारी यांचा गाळ उरायचा. तो चमच्यानं मला. भावाला नाही, मला. यावर आमच्यात अजून वाद आहे.

यात शास्त्र नाही असं समजू नका. ब्रिस्टल विद्यापीठातल्या लेन फिशर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाला चहात बिस्किट कसं बुडवावं याच्या गणितासाठी १९९९ साली इग नोबेल पारितोषिक मिळालं. त्याचा सल्ला असा, की बिस्किट उभं न खुपसता आडवं टेकवावं, वरची बाजू कोरडी राहिली की ते मोडत नाही. वडील हेच म्हणायचे. त्यांना कुणी विद्यापीठात बोलावलं नाही एवढंच.

तर मी गुलकंदाचा नाद सोडून एक साधी दुधाची गरम कॉफी मागवली आणि क्रोसाँचं शिंग तिच्यात घालायला गेले. शिंग जाईना. ग्लास एवढासा, तोंड अरुंद, वर फेसाचं पान काढलेलं. टोक दाबून पाहिलं तर पान मोडलं आणि कॉफी टेबलावर. पलीकडचा लॅपटॉपवाला तरुण लॅपटॉप उचलून उभा राहिला. भाची फळ्याकडे बघत बसली, जणू तिथे तिच्या परीक्षेचा निकाल लागलाय. अहो, फ्रान्समध्ये लोक सकाळी वाडग्याएवढ्या कपातून दूधकॉफी घेतात आणि क्रोसाँ तीत खुशाल बुडवतात! पदार्थ त्यांचा उचलला आणि बुडवणं तिकडेच ठेवून आलो.

मी त्या मुलाला म्हटलं, “बाळा, एक बशी दे.”

तो म्हणाला, “काकू, प्लेट आहे ना.”

“प्लेट नाही रे, बशी. खोलगट. कपाखालची.”

त्यानं आत जाऊन शोधलं. दुकानात लाकडी पाट आहेत, पाटीसारखे काळे दगड आहेत, ओट्सच्या दुधाचे तीन प्रकार आहेत, बशी नाही. चार लाखांचं का किती लाखांचं इटालियन यंत्र आहे, आणि ओतून गार करायला, काठाला ओठ लावून फुर्रकन ओढायला, खारीला आडवं लोळवायला एक बशी नाही. त्याचा चेहरा पडला. मला उगाच वाईट वाटलं, म्हणून मी पुरणाचा क्रोसाँ बांधून घेतला. घरी तव्यावर गरम करून वर तूप घातलं. छान लागला. नुसती पोळी जास्त छान लागते.

घरी येऊन फडताळ उघडलं, तर एकट्या पडलेल्या अकरा बश्या निघाल्या. कप आधी जातो. त्याचा कान तुटतो, मग त्यात काही दिवस टूथब्रश राहतात, मग तो जातोच. बशी मात्र मागे राहते, झाकण म्हणून, कुंडीखाली, उदबत्तीची राख झेलायला. तुमच्याही घरात असतील. त्यातली एखादी, काठाला टवका न उडालेली, मला हवी आहे. माझ्या अकरातल्या सहा मी धुऊन ठेवल्यात. पण त्या दुकानात टेबलं नऊ आहेत.

येत्या रविवारी सकाळी साडेआठला मी त्या मुलाला त्या नेऊन देणार आहे. कुणाला यायचं असेल तर गिरणीपाशी या. खारी मी आणते, पण ती बाहेरच्या कट्ट्यावर बसूनच खावी लागेल. बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत, अशी पाटी आहे.