गव्हर्नरसाहेबांची दाढी

दीवच्या किल्ल्याचा वेढा उठला तेव्हा १५४६ साल सरत आले होते. पोर्तुगीजांचा जय झाला होता; पण किल्ल्याच्या भिंती ढासळल्या होत्या आणि खजिन्यात खडखडाट होता. गव्हर्नर दों जुवांव द कास्त्रो यांनी गोव्याच्या नगरसभेकडे वीस हजार पारदांवांचे कर्ज मागितले. तारण काय ठेवावे? वेढ्यात कामी आलेल्या आपल्या मुलाच्या, फेर्नांदूच्या, अस्थी पाठवाव्यात असे त्यांच्या मनात आले होते. परंतु देह अद्याप मातीस मिळाला नव्हता. तेव्हा त्यांनी आपल्या दाढीचे केस पत्रासोबत गोव्याला धाडले. गोवेकरांनी पैसे दिले आणि दाढी साभार परत केली.

पोर्तुगीज इतिहासकार ही कथा सचोटीचा परमोच्च आदर्श म्हणून सांगत आले आहेत आणि मुलगा गमावलेल्या त्या बापाबद्दल आमच्याही मनात कणव आहे. परंतु म्हापशाच्या बाजारात पेढी मांडून बसलेल्या एखाद्या सावकारापुढे हीच कथा सांगितली, तर तो डोळ्यांतले पाणी पुसण्यापूर्वी चष्मा पुसेल आणि विचारील, ‘केसांचे वजन किती भरले?’ गहाण टाकलेली वस्तू कर्जदाराच्या हनुवटीवर पुन्हा उगवते, असे तारण जगाच्या व्यवहारात दुसरे आढळायचे नाही. या सावकाराला इतिहासाची जाण नाही असे कोणी म्हणेल. आमच्या मते ती त्याला पुरेपूर आहे.

आज हा विषय काढण्यास कारण आहे. पुतळा उभारावा की हटवावा, रस्त्याचे नाव राखावे की पुसावे, यावरून आपल्या राज्यात अधूनमधून रणे माजतात. पोर्तुगीज खुणा समूळ पुसून टाकण्याची भाषा होते. लगेच दुसऱ्या बाजूने त्या खुणा म्हणजेच गोव्याचा प्राण असल्याचा टाहो फोडला जातो. या गदारोळात एक गोष्ट हरवत चालली आहे, ती म्हणजे इतिहासपुरुषाकडे पाहून मोकळेपणी हसण्याची आपली जुनी खोड. दशावतारातला संकासुर ज्यांनी रात्रभर जागून पाहिला, नरकासुराची प्रतिमा पोटाने जितकी मोठी तितकी शाबासकी अधिक असा ज्यांच्या वाड्यावरचा रिवाज, त्या समाजाला राक्षसाला हसूनच लहान करता येते हे नव्याने शिकवायला नको होते.

वास्को द गामाचेच घ्या. १४९८ च्या मे महिन्यात हा गृहस्थ कालिकतला उतरला आणि सामुरीला देण्यासाठी त्याने नजराणा मांडला. त्यात पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा नग होते, लाल रंगाची चार शिरस्त्राणे, सहा टोप्या, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुण्याची सहा तस्ते, साखरेची एक पेटी, शिवाय दोन पिंपे तेल आणि दोन पिंपे मध. ते पाहून दरबारचे अधिकारी खो खो हसले. मक्केहून येणारा दरिद्री व्यापारीसुद्धा याहून अधिक आणतो, असे त्यांनी तोंडावर सुनावले. मिऱ्यांच्या आणि सोन्याच्या देशात साखर आणि तेल घेऊन येणे म्हणजे वेंगुर्ल्याला आंब्याची पेटी भेट म्हणून नेण्यासारखे! पुढे या माणसाने समुद्रावर जे क्रौर्य केले त्याला हसू येत नाही, येऊही नये. पण त्या क्रौर्याच्या मुळाशी हा पहिल्या दिवशीचा अपमानही कुठेतरी ठसठसत असेल काय, असा प्रश्न त्या तस्तांची यादी वाचल्याखेरीज सुचतच नाही. पुतळ्याच्या हातात तस्त नसते.

आणि पुतळ्याचे म्हणाल, तर गोव्यात पोर्तुगीज पुतळा फोडण्याचा मान हिंदू राष्ट्रवाद्यांकडे जात नाही. वास्कोचा पणतू दों फ्रांसिस्कु द गामा सोळाव्या शतकाच्या अखेरीस व्हाइसरॉय होऊन आला. त्याने जुन्या गोव्यात मांडवीच्या धक्क्यालगत कमान उभारली आणि तिच्यावर पणजोबांची मूर्ती चढवली. हा पणतू स्वभावाने इतका गर्विष्ठ होता, की तो पायउतार होताच त्याच्याच देशबांधवांनी पणजोबांना कमानीवरून खाली ओढले आणि त्यांचे तुकडे केले. नंतर मूर्ती पुन्हा बसवण्यात आली. ती कमान डागडुजी होऊन आजही उभी आहे. राज्यकर्ता नावडता झाला की त्याच्या पूर्वजावर हात टाकायचा, ही रीत आपण शोधून काढली असे समजून जे छाती फुगवतात, त्यांनी याबाबतीत चारशे वर्षांपूर्वीच्या पोर्तुगिजांचे ऋण मान्य करावे.

आफोंसो द आल्बुकर्कच्या वाट्याला विनोद अधिक कडवट आला. १५१० साली गोवा घेणारा हा सेनानी मनसुब्यांचा मोठा धनी होता. मिसर देश उपाशी मारण्यासाठी नाईल नदी तांबड्या समुद्राकडे वळवावी असा बेत त्याने योजला होता आणि त्यासाठी खडक फोडण्यात वाकबगार असे मदैरा बेटावरील पाथरवट राजाकडे मागितले होते. नदी वळवायला निघालेल्या या पुरुषाला आपल्या राजाचे मन मात्र वळवता आले नाही. १५१५ च्या डिसेंबरात होर्मुझहून परतताना, आपल्या जागी आपल्याच वैऱ्याची नेमणूक झाल्याची वार्ता त्याला वाटेत कळली आणि गोव्याच्या तोंडाशी जहाजावरच त्याने प्राण सोडला. मागून आलेले अधिकारी असे निघाले, की गांजलेले हिंदू आणि मुसलमान न्याय मागण्यासाठी त्याच्या थडग्यापाशी जात, असे पोर्तुगीज बखरकार अभिमानाने लिहितात. हा अभिमान चमत्कारिक आहे. ज्या राज्यात न्यायासाठी मेलेल्या माणसाकडे जावे लागते, त्या राज्यातील जिवंत न्यायाधीश काय करीत होते, हे लिहायचे बखरकार विसरले.

गोवा जिंकण्याची उठाठेव आल्बुकर्कच्या डोक्यात भरवून देणारा होनावरचा तिमोजा मात्र आपल्या सभांतून कोणी आठवत नाही. तो हिंदू होता. विजापूरच्या आदिलशाहीवर त्याचा दात होता आणि आगीतून निघून फुफाट्यात पडण्याचा मार्ग त्याने स्वतः दाखवला. पोर्तुगिजांना शिव्या घालताना या तिमोजाला अंगणात बसवून घोटभर पाणी द्यायला हरकत नाही. तो आपल्यातलाच आहे. त्याचे वंशज प्रत्येक निवडणुकीला भेटतात.

१६८३ साली संभाजी महाराजांच्या फौजांनी जुवें बेट घेतले आणि राजधानी हाकेच्या अंतरावर आली. तेव्हा व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर यांनी जे केले, ते राज्यशास्त्राच्या ग्रंथांत नोंदवावे असे आहे. ते बॉम जेझूच्या चर्चमध्ये गेले, सेंट फ्रान्सिस झेवियर यांची शवपेटिका उघडवली आणि सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी निवर्तलेल्या संतांच्या हाती आपला राजदंड व राज्य सांभाळण्याचे विनंतीपत्र ठेवून मोकळे झाले. संतांविषयी त्यांच्या भक्तांना असलेला आदर आम्हांस मान्य आहे. हिंदूंनीही ‘गोंयच्या सायबा’पुढे मेणबत्त्या लावल्या आहेत. प्रश्न व्हाइसरॉयांचा आहे. जबाबदारीचे कागद वरिष्ठाच्या टेबलावर ठेवून रजेवर जाणारे कारकून आमच्या सचिवालयात काही थोडे नाहीत, पण इतका वरिष्ठ वरिष्ठ त्यांपैकी कोणालाच सापडलेला नाही. पुढे मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे मराठ्यांना माघारी वळावे लागले. श्रेय कोणाला गेले हे सांगणे नको.

येथे एक वाचक आम्हांला थांबवील. ज्यांनी तिसवाडी, बारदेश आणि सासष्टीतील देवळे पाडली, ज्यांच्या भयाने कुठ्ठाळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला आला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, त्यांच्याविषयी विनोद करता? ज्यांच्या घराण्यात देव रात्री होडीत घालून नेल्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, त्यांना हसायला सांगता?

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर टोलवाटोलवी करून देता येणार नाही. त्या होडीला आम्ही हसत नाही. होडीत बसलेल्याला, किनाऱ्यावर मागे राहिलेल्याला आणि ज्याला मागे राहण्यासाठी धर्म बदलावा लागला त्यालाही नाही. पण ज्याच्यामुळे होडी सोडावी लागली, त्याला हसायचे नाही हा नियम कोणी केला? १५६० ते १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, येथे इन्क्विझिशनचा अंमल होता. त्या न्यायासनाचे १७३६ चे फर्मान वाचावे. धर्मांतरित घरांतून हिंदू चालीरीती निपटून काढण्यासाठी निघालेल्या त्या फर्मानात तुळस वर्ज्य आहे, धोतर वर्ज्य आहे आणि हिंदू करतात तसा मिठाशिवाय भात शिजवणेही वर्ज्य आहे. ब्राझीलपासून मकावपर्यंत ज्यांची गलबते फिरली, ते साम्राज्य सासष्टीतल्या एका म्हातारीच्या चुलीपाशी वाकून तिच्या मडक्यात मीठ पडले की नाही हे पाहत उभे आहे! या चित्राला जो हसेल, त्याला त्या म्हातारीचे दुःख अधिक कळेल असे आम्हांला वाटते. नुसते दात-ओठ खाल्ल्याने ते साम्राज्य जेवढे होते त्याहून मोठे दिसू लागते. मिठाचा खडा शोधणारा शिपाई दिसला की त्याची खरी उंची कळते.

आता हे हसणे फक्त परक्यांसाठी राखून ठेवायचे असेल, तर तो विनोद नव्हे. आपल्या घरची माणसेही त्याच पाटावर बसवली पाहिजेत. १८ जून १९४६ ही तारीख गोव्याच्या इतिहासात सोन्याची. मडगावला पावसात जमलेल्या लोकांसमोर डॉ. राममनोहर लोहिया उभे राहिले आणि पोर्तुगीज अधिकाऱ्याने रोखलेले पिस्तूल त्यांनी माशी उडवावी तसे हाताने बाजूला सारले. परंतु लोहिया गोव्यात आले होते ते कशासाठी? विश्रांतीसाठी! तुरुंगवासाने प्रकृती खालावली होती, म्हणून असोळण्याला डॉ. जुलियांव मिनेझिस या मित्राच्या घरी चार दिवस पडून राहावे असा बेत होता. गोव्यात विश्रांतीसाठी येणारे पाहुणे पुढे लक्षावधी झाले. इतका उपयोग दुसऱ्या कोणाचा झाल्याचे ऐकिवात नाही. हे सांगितल्याने लोहियांचे तेज उणे होते काय? आमच्या नजरेत ते वाढते. क्रांती करायला आलेल्यापेक्षा, झोपायला आला असता जो उठून उभा राहिला, तो माणूस आपल्याला अधिक जवळचा वाटतो. आज पणजीत त्या तारखेच्या नावाचा रस्ता आहे. तेथे कपडे आणि काजूगर खरेदी करणाऱ्या तरुणांपैकी कितीजणांना तो कोणत्या सालचा १८ जून हे ठाऊक आहे, याची पाहणी आम्ही मुद्दामच केलेली नाही.

मतदारांचेही काही चुकले नाही असे नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, त्याच विलीनीकरणासाठी जिवाचे रान करणाऱ्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. बेत नको, पण आचारी हवा! विलीनीकरणाच्या बाजूने लेखणी झिजवलेल्या आमच्या मराठी पूर्वसुरींना त्या दोन निकालांनी पेचात टाकले असणार. पहिल्याचे दुःख करावे तोवर दुसऱ्याचा आनंद करण्याची पाळी आली. पक्षोपपक्षांचे विद्वान या कोड्याची उत्तरे अद्याप देत आहेत. भाऊसाहेबांच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांनी आणि न घालणाऱ्यांनीही वर्षातून एकदा हे कोडे एकत्र बसून हसत सोडवावे.

राहता राहिले सालाझार. गोव्यात त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही. परंतु १९६१ च्या डिसेंबरात गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना अखेरच्या माणसापर्यंत लढण्याचे फर्मान त्यांनी लिस्बनहून सोडले. रणगाडाविरोधी दारूगोळ्यासाठी ‘शोरिसु’ असा सांकेतिक शब्द ठरला होता, म्हणतात. गोव्याने तातडीने शोरिसु मागितले आणि लिस्बनहून विमानाने खरोखरीच मांसाचे शोरिसु येऊन पडले. ही गोष्ट कोणीतरी मागाहून तिखटमीठ लावून सजवली असण्याचा संभव आहे. परंतु चोरिस-पाव म्हणून जो पदार्थ येथे गाड्यागाड्यांवर मिळतो, तो चार हजार कोसांवरून धाडावा लागतो असे समजणारी राजवट टिकायची कशी, हे या गोष्टीतून जितके कळते तितके ठरावांच्या फायलींतून कळत नाही. वासालो इ सिल्वा यांनी शहाणपणा केला. शरण जाऊन त्यांनी पणजी वाचवली आणि त्याबद्दल मायदेशी शिक्षाही भोगली. फर्मान काढणारे सालाझार मात्र १९६८ साली खुर्चीवरून पडले. हे अलंकारिक नव्हे. ते खरोखरच आरामखुर्चीवरून पडले. त्यानंतर दुसरा पंतप्रधान नेमला गेला, पण हे त्यांना सांगण्याचे धैर्य कोणाला होईना. १९७० साली मृत्यू येईपर्यंत मंत्री त्यांच्या उशाशी येऊन चर्चा करीत आणि म्हातारा आपण राज्य करीत आहोत अशा समजुतीत आज्ञा देत राही.

कास्त्रोसाहेबांच्या दाढीपाशी परत येऊ. त्यांनीच १५४७ च्या सुमारास गव्हर्नरांची व्यक्तिचित्रे काढवून घेण्याची प्रथा घातली. पुढील राज्यकर्त्यांची भर त्यात पडत गेली आणि आज तो संग्रह जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयाकडे आहे. पणजीच्या चौकातून हलवलेला आल्बुकर्कचा पुतळाही तेथेच विसावला आहे. आपल्या दमट हवेने चित्रांचे रंग उडत, मग कोणीतरी वरून नवा रंग चढवी, तो उडाला की आणखी कोणी. असे होता होता कित्येक चित्रांत मूळचा चेहरा कितीसा उरला आहे हे जाणकारांनाही सांगणे कठीण झाले आहे. पुढच्या रविवारी मुलांना समुद्रकिनाऱ्यावर नेण्याऐवजी तिकडे न्यावे. मुले दाढ्या मोजतील, मिशांना नावे ठेवतील. पहारेकऱ्याने डोळे वटारले, तर त्याला गहाणवटीची गोष्ट सांगावी.