नुरा कुणाची?

टीव्हीवर अंडरटेकर आला की आमचे तात्या करवादायचे, "आरं, नाटक हाय समदं!" आम्ही पोरं हमरीतुमरीवर यायचो. आज कबूल करतो, नाटकच ते. निकाल आधी ठरतो. १९८९ साली कंपनीनंच न्यू जर्सीच्या सिनेटपुढं तसं सांगितलं. पण पडणं खरं असतं. १९९८ साली मिक फोली १६ फुटी पिंजऱ्यावरून खाली टेबलावर आदळला, आणि उठून पुन्हा वर चढला. पुढच्या वर्षी ओवेन हार्ट छतावरून रिंगमध्ये उतरताना हुक सुटून पडला, तो गेलाच.

आणि आमच्या जत्रेत? शेवटची मोठी कुस्ती कैकदा नुरा. अर्धा तास नुसती खडाखडी, मग बरोबरीत सोडवायची, इनाम निम्मं निम्मं. त्याच इनामासाठी तात्यांनी शेंगा विकून पट्टी भरलेली असायची. मैदानातून परतताना ते गप्प असत.

ठरवून लढणं हा गुन्हा नाही. ठरलेलं लपवून गरिबाची पट्टी खाणं हा गुन्हा आहे. तात्या, नाटकवाल्यांनी आपल्याला कमीच फसवलं. जास्त फसवलं ते लाल मातीची शपथ घेणाऱ्यांनी.