विश्लेषण : हॅम रेडिओचा परवाना मिळाला, पुढे काय? पनवेलच्या गच्चीवरून शॉर्टवेव्ह कुठवर पोहोचते?

हॅम रेडिओची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना हाती आला की बहुतेक नवखे पहिली खरेदी करतात ती हातात मावणाऱ्या व्हीएचएफ सेटची. तो स्वस्त असतो आणि वापरायला सोपा. पण पनवेलमध्ये त्याची मर्यादा लवकर कळते. पूर्वेला माथेरानची रांग, दक्षिणेला कर्नाळा आणि चहूकडे उंच इमारती. रिपीटरची मदत नसेल तर आवाज थोड्याच अंतरावर विरतो आणि काही आठवड्यांत सेट कपाटात जातो. परवान्याचा खरा उपयोग आहे तो शॉर्टवेव्हवर. रायगडसारख्या जिल्ह्यात तो केवळ छंदाचा विषयही नाही.

शॉर्टवेव्हमध्ये वेगळे काय?

व्हीएचएफ लहरी साधारणपणे नजरेच्या टप्प्यात, सरळ रेषेत जातात. वाटेत डोंगर आला की त्या अडतात. ३ ते ३० मेगाहर्ट्झदरम्यानच्या शॉर्टवेव्ह लहरी मात्र वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरापर्यंत, म्हणजे आयनोस्फिअरपर्यंत जाऊन पुन्हा जमिनीकडे वळतात. एकेकाळी रेडिओ सिलोन महाराष्ट्रातल्या घराघरांत ऐकू येत असे, ते याच गुणामुळे. हॅमसाठी फरक इतकाच, की त्याला नुसते ऐकता येत नाही, उत्तरही देता येते.

नव्या परवानाधारकाला मुभा किती?

दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून दोन श्रेणींत परवाना मिळतो. वयाची १२ वर्षे पूर्ण केलेल्या भारतीय नागरिकाला परीक्षा देता येते. ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीसाठी मोर्स संकेतांची परीक्षा नसते, ‘जनरल’ श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स यावे लागते. पहिल्या श्रेणीची संकेतनावे साधारणपणे व्हीयू ३, तर दुसरीची व्हीयू २ ने सुरू होतात.

‘रिस्ट्रिक्टेड’ म्हणजे शॉर्टवेव्ह बंद, हा मोठा गैरसमज आहे. या श्रेणीतही शॉर्टवेव्हवर बोलता येते. शक्तीची मर्यादा ५० वॉट आहे, जनरल श्रेणीत ती ४०० वॉटपर्यंत जाते. मोर्स आणि संगणकाच्या साह्याने चालणाऱ्या डिजिटल पद्धती वापरण्याआधी आपल्या परवान्यात कोणते प्रक्षेपण प्रकार नमूद आहेत, हे प्रत्येकाने तपासलेच पाहिजे. गाणी लावणे, धंद्याची बोलणी करणे किंवा सांकेतिक भाषेत बोलणे यांना हॅम बँडवर थारा नाही.

कोणत्या बँडवर, कधी?

सुरुवात ७ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे ४० मीटर बँडवर करावी. दिवसा त्यावर पनवेलहून नाशिक, कोल्हापूर, गोवा, बेंगळूरु अशी स्थानके सहज मिळू शकतात. देशातील अनेक हॅम सकाळी ठरलेल्या वेळी याच बँडवर एकत्र येतात. त्याला ‘नेट’ म्हणतात. नवख्याने आधी आठवडाभर ते नुसते ऐकावे आणि मग आपले संकेतनाव सांगून हजेरी लावावी. रात्री हाच बँड स्वभाव बदलतो. जवळची स्थानके विरतात, दूरची ऐकू येऊ लागतात.

परदेशाशी बोलायचे तर १४ मेगाहर्ट्झ हा भरवशाचा बँड. दुपारनंतर त्यावर युरोप मिळण्याची शक्यता चांगली असते. २१ आणि २८ मेगाहर्ट्झचे बँड सूर्याच्या लहरीवर चालतात. सध्याचे सौरचक्र उच्चांकाच्या काळात पोहोचल्याचे नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. सूर्य सक्रिय असताना २८ मेगाहर्ट्झवर अगदी कमी शक्तीतही खंड ओलांडता येतात. उच्चांक ओसरेल तसा हा बँड शांत होत जाईल, त्यामुळे त्याचा लाभ आताच घेतलेला बरा. ३.५ मेगाहर्ट्झ हा रात्री जवळच्या अंतरासाठी कामाचा, पण वळवाच्या दिवसांत विजांची खरखर त्यावर सर्वाधिक त्रास देते.

सोसायटीत अँटेना बसते का?

बसते, आणि त्यासाठी टॉवर लागत नाही. १४३ या आकड्याला मेगाहर्ट्झने भागले की साध्या डायपोल अँटेनाची लांबी मीटरमध्ये मिळते. ७ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २० मीटर, १४ साठी सुमारे १० आणि २८ साठी सुमारे ५ मीटर तार. मधला भाग पाण्याच्या टाकीजवळच्या खांबावर आणि दोन्ही टोके कठड्याकडे उतरती, असा उलटा ‘व्ही’ गच्चीवर मावतो.

अडचण येते ती तारेची नव्हे, परवानगीची. सरकारचा परवाना म्हणजे गच्चीचा हक्क नव्हे. सोसायटीला मोबाइल टॉवर आठवतो आणि विषय तिथेच संपतो. पण टॉवर दिवसरात्र चालू असतो, हॅमचा सेट बोलण्यापुरताच प्रक्षेपण करतो. तरीही रहिवाशांची शंका रास्त आहे. तारेची टोके कुणाच्या हाताला लागणार नाहीत, ती विजेच्या तारांपासून दूर असेल आणि पावसाळी गडगडाटात अँटेना सेटपासून वेगळी केली जाईल, हे हॅमने लेखी द्यावे. आणि त्या अटींवर सोसायटीने हो म्हणावे.

मोबाइल असताना याची गरज काय?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड परिसरात विजेबरोबर मोबाइल सेवाही कोलमडली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली आणि बचाव पथकांना तिथे डोंगर चढून पायी जावे लागले. डोंगराच्या कुशीतल्या अशा वस्त्यांसाठी शॉर्टवेव्हचा एक गुण मोलाचा आहे. ७ किंवा ३.५ मेगाहर्ट्झची तार जमिनीपासून फार उंच नसेल, तर लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन आसपासच्या काहीशे किलोमीटरच्या टापूत परततात. मधला डोंगर आडवा येत नाही. कारची बॅटरी, ५० वॉटचा सेट आणि झाडांना बांधलेली तार एवढ्यावर संदेश बाहेर पोहोचू शकतो.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. अंदमानचा संपर्क तुटला असताना त्यांनी लावलेल्या केंद्रावरून संदेश मुख्य भूमीपर्यंत गेले. त्यांना हे जमले, कारण यंत्रणा उभी होती आणि हात सरावलेला होता.

मग काय व्हायला हवे?

प्रशासनाकडे सॅटेलाइट फोन असतात, हॅम त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. पण फोन मोजक्या अधिकाऱ्यांकडे असतो, सरावलेला हॅम गावोगावी असू शकतो. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने रायगडमधील परवानाधारकांची यादी करावी आणि दर वर्षी मे महिन्यात, पावसाळ्याआधी, शॉर्टवेव्हवर एक तालीम घ्यावी. नवख्यांनीही परवाना चौकटीत लावून न ठेवता आठवड्यातून एकदा तरी ७ मेगाहर्ट्झवर हजेरी लावावी. बँड कधी उघडतो, कुठले स्थानक कधी ऐकू येते, गोंगाटातून संकेतनाव कसे टिपायचे हे परीक्षेच्या पुस्तकातून कळत नाही. ते रोजच्या ऐकण्यातूनच अंगवळणी पडते. दरड कोसळल्यानंतर ते शिकायला कुणाकडेच वेळ नसतो.