संगणक माळ्यावरून खाली आणा

कळव्याकडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. पती सुरक्षारक्षक, बहुतेक वेळा रात्रपाळी. त्या स्वतः सकाळी दोन घरची धुणीभांडी करतात आणि दुपारी एका पोळीभाजी केंद्रात कामाला जातात. मुलगा दहावीत, मुलगी आठवीत. गेल्या वर्षी भिशीचे पैसे लागले तेव्हा त्यांनी अकरा हजारांना जुना संगणक घेतला. खाली जागा नाही म्हणून तो माळ्यावर बसवला. आता जेवण झाले की मुलगा शिडी चढतो तो एक-दीड वाजेपर्यंत खाली येत नाही. कानाला हेडफोन. आई वर गेली की पडद्यावरचे चित्र झटकन बदलते आणि भूगोलाचा धडा येतो. "रोज रात्री तोच धडा कसा?" असे त्यांनी लिहिले आहे. शेवटी विचारतात, "विकून टाकू का? की मीच संशयी झाले आहे?"

ताई, विकू नका. आणि तुम्ही संशयीही नाही.

विकू नका एवढ्यासाठी की मुलाचे पुढचे सगळे रस्ते त्याच पडद्यावरून जाणार आहेत. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. इंजिनिअरिंगची सीईटी संगणकावरच द्यायची असते. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या वस्त्यांत एका मोबाइलवर तीन-तीन भावंडांची शाळा चालली, ते हाल आपण विसरलेलो नाही. पोटाला चिमटा घेऊन आणलेली वस्तू भंगाराच्या भावात घालवायची नाही.

पण मुलाला तिच्यापाशी एकटा सोडायचा नाही हेही तितकेच खरे. यात आम्ही स्वतः चुकलेलो आहोत, म्हणून तेच आधी सांगतो.

२०२२ साली आमचा थोरला नववीत होता. त्याचेही असेच जागरण चाले. आम्ही चार वेळा ओरडलो, पाचव्या वेळी माऊस काढून डब्याच्या पिशवीत टाकला आणि रोज कामावर घेऊन जाऊ लागलो. आठ-दहा दिवस घरात शांतता होती. आम्हाला वाटले, जिंकलो. मग धाकटी एक दिवस सहज म्हणाली, "दादाकडे दुसरा माऊस आहे की, गादीखाली." शे-सव्वाशे रुपयांची वस्तू, खाऊच्या पैशांतून आणलेली. राग आला आणि खरे सांगायचे तर हसूही आले.

हसू टिकले नाही. बँकेचे पासबुक भरून आणले तेव्हा दोन हजार सातशे रुपये गेलेले दिसले. खेळात भेटलेल्या एका अनोळखी 'भाई'ने नाणी फुकट देतो म्हणून आमच्या फोनवर आलेला ओटीपी त्याच्याकडून काढून घेतला होता. ही गोष्ट घडून तीन आठवडे झाले होते. पोरगा तीन आठवडे ते ओझे घेऊन शाळेत जात होता. का नाही सांगितलेस म्हणून विचारले तर म्हणाला, "माऊस नेलात, हे कळल्यावर शाळापण बंद कराल असं वाटलं." पैसे परत आले नाहीत. पैसे गेल्याबरोबर १९३० या क्रमांकावर फोन केला असता तर रक्कम पुढे जाण्याआधी अडवायची काही आशा होती. तीन आठवड्यांनी काय मिळणार? आमच्या बंदीमुळे त्याचा खेळ थांबला नव्हता, आमच्याशी बोलणे मात्र थांबले होते.

बाबासाहेबांच्या चरित्रात परळच्या खोलीची हकिकत आहे. खोली एकच, माणसे जास्त. रामजीबाबा मुलाला लवकर झोपवीत, स्वतः दोन वाजेपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी आपण आडवे होत. आपण ही हकिकत मुलांना त्यांनी किती कष्ट करावेत हे पटवायला सांगतो. पालक म्हणून वाचली तर तीत जागणारा बापही दिसतो. आज मुलगा जागतो आणि आपण झोपतो. थकून झोपतो, हे आम्हाला ठाऊक आहे, तरी झोपतो.

तर ताई, पहिले काम, संगणक माळ्यावरून खाली आणा. जागा नाही हे मान्य. शिलाई मशीनचे टेबल असेल, गोदरेजच्या कपाटाशेजारचा कोपरा असेल, पण पडदा खोलीकडे तोंड करून असावा. एका खोलीच्या घराला आपण नेहमी कमीपणा मानतो, इथे मात्र त्याचा फायदा आहे. हेडफोन फक्त तासाच्या वेळी.

दुसरे, इंटरनेट कुठून येते ते पाहा. तुमच्याच फोनच्या हॉटस्पॉटवरून येत असेल तर किल्ली तुमच्याच हातात आहे. रात्री दहाला हॉटस्पॉट बंद, फोन उशाशी, पासवर्ड तुमचा. केबलवाल्याचे वायफाय असेल तर त्या डब्याचे बटण दहाला बंद करा.

संगणकातही सोय असते. विंडोज १० आणि ११ मध्ये आई-वडिलांचे खाते वेगळे आणि मुलाचे वेगळे करता येते. मुलाच्या खात्याला दिवसाचे तास ठरवून देता येतात, काही साइट बंद ठेवता येतात. मुख्य खात्याचा पासवर्ड मात्र मुलाला माहीत नसावा. हे काम भाच्याकडून, शेजारच्या शिकलेल्या मुलीकडून करून घ्या, मुलाकडूनच करून घेऊ नका. आम्ही तेही केले होते! आणि एवढे करूनही कुलपावर सगळा भरवसा टाकू नका. 'हिस्टरी' कोरी दिसली म्हणजे काही पाहिले नाही असे नाही, कारण काहीच नोंद न ठेवणारी खिडकी प्रत्येक ब्राउझरमध्ये असते.

हे सारे मुलाला आधी सांगून करा. चोरून केलेत तर तोही चोरूनच वागेल. आमच्याकडे भिंतीवर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला वेळा लिहिल्या आहेत आणि त्या त्याने स्वतःच्या हाताने लिहिल्या. शाळेच्या दिवशी दीड तास, रविवारी तीन. यावरून घासाघीस झाली, अजूनही होते.

मुलीबद्दल पत्रात एकच ओळ आहे, "ती संगणकाला हात लावत नाही." का लावत नाही, ताई? दादा उठत नाही म्हणून, की तिने लावू नये असे घरात ठरले आहे? पुष्कळ घरांत मुलीला बंदी आणि मुलाला मोकळीक, याला शिस्त म्हटले जाते. वेळा ठरवाल तेव्हा निम्म्या तिच्या नावावर लिहा.

काही गोष्टी दोघांनाही स्पष्ट शब्दांत सांगा. ओटीपी आणि पिन कोणाला द्यायचा नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, तेव्हा जिंकून देतो म्हणणारा सरळ फसवतो आहे. वर्गातल्या कोणाचे लाज वाटेल असे चित्र आले तर पुढे पाठवायचे नाही, पाठवणारा शाळकरी असला तरी तो गुन्हा आहे. कोणी फोटो दाखवून धमकावू लागला तर पैसे द्यायचे नाहीत, संदेश पुसायचे नाहीत, आधी आईला सांगायचे. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालतो. कॅलेंडरवर १९३० च्या शेजारी तोही लिहून ठेवा. आणि 'सांगितलेस तर संगणक जाणार नाही' हे वचन द्या. दिलेत तर पाळा, त्या वेळी कितीही राग आला तरी.

राहिली तुमच्या यजमानांची रात्रपाळी. ते घरी नसतात म्हणून सगळे तुमच्या एकटीच्या जागरणावर पडते, हे बरोबर नाही. कामावरून त्यांनी दहाला एक फोन करावा, बाबा म्हणून मुलाशी दोन मिनिटे बोलावे, आज काय पाहिलेस एवढे विचारावे. सुट्टीच्या दिवशी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसावे आणि तो खेळ काय आहे ते त्याच्याकडून शिकून घ्यावे. आम्ही शिकलो. पहिल्याच डावात हरलो, आणि पोरगा कितीतरी दिवसांनी आमच्यासमोर मोठ्याने हसला.