“कम्प्युटरच तर करते” म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

गांधीबागेत कापडाच्या दुकानात काम करणारा एक पोट्टा. त्यानं ‘राजी’चं चित्र काढलं. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० चा गेम. भावाला सोडवायला दुर्गेचा त्रिशूळ घेऊन राक्षसांशी भिडणारी पोरगी म्हणजे राजी.

दुकान बंद झाल्यावर पोट्टा अकरा रात्री बसला. आधी कच्चं स्केच, मग वेगळ्या लेअरवर पक्की रेषा, मग रंग, शेवटी सावल्या. त्रिशूळ धरलेली बोटं जमेनात, तर स्वतः हातात झाडू धरून फोटो काढले अन् ते पाहून बोटं काढली.

नवरात्रात एका मंडळाच्या फ्लेक्सवर तेच चित्र! सही गायब, तिथं नेत्याचा फोटो. विचारलं तर म्हणे, “काहून बे, कम्प्युटरच तर करते हे! अन् पात्र तरी तुझं आहे का?”

पात्र कंपनीचं, मान्य. हरकत असेल तर कंपनी घेईल, मंडळ कोण? रेषा तर पोराची आहे न! कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५७ वाचा. हक्क विकले तरी ‘हे मी केलं’ म्हणण्याचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. इथं तर विकतही घेतलं नाही, सरळ उचललं.

चितारओळीत मूर्ती घेताना “देवी तर सगळ्यांची, पैसे कशाचे?” असं म्हणता का?

फ्लेक्स छापणाऱ्याला पैसे दिले, बांधणाऱ्याला दिले. चित्र काढणाराच तेवढा फुकटचा?

त्याचं नाव टाका. मेहनताना द्या. अन् हो, माफीही मागा.