काटकपणाची दंतकथा : जुन्या जीपमध्ये हीटर का नव्हता?

१/ दुसऱ्या महायुद्धातील जीपचे छायाचित्र समाजमाध्यमांवर झळकले की त्याखाली एक वाक्य हमखास उमटते : तेव्हा गाडीत हीटर नव्हता, कारण तेव्हाची माणसे काटक होती. वाक्य ऐकायला भारदस्त आहे. इतिहास म्हणून मात्र ते खोटे आहे, आणि हा खोटेपणा निरुपद्रवी नाही. #इतिहास #धागा

२/ पहिला प्रश्न तंत्राचा. जीप घडली त्या काळी मोटारीत ऊब आणण्याची विद्या अस्तित्वात होती का? होती, आणि चांगली रुळलेली होती. १९२९ च्या सुमारास फोर्डच्या ‘मॉडेल ए’ला एक्झॉस्टच्या नळीभोवती तापलेली हवा आत घेणारा हीटर बसवता येत असे. १९३० च्या दशकात इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारे हीटर आले.

३/ १९३८ मध्ये अमेरिकेतील नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा गाळून, तापवून आत सोडणारी व्यवस्था बाजारात आणली. स्ट्युअर्ट-वॉर्नर कंपनीचा ‘साउथ विंड’ हा पेट्रोल जाळून ऊब देणारा हीटरही त्याच दशकातला. जीपचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन सुरू झाले १९४१ मध्ये. म्हणजे हीटर जीपहून वयाने मोठा आहे.

४/ हे तंत्र अवघडही नव्हते. पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा लहानसा भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता काही धुराबरोबर, तर काही इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. ते पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये थंड करावे लागते.

५/ हीटर म्हणजे याच पाण्याच्या वाटेवर बसवलेला दुसरा, छोटा रेडिएटर. दोन रबरी नळ्या, एक पंखा आणि एक झडप, एवढाच संसार. जी उष्णता वाऱ्यावर उधळली जाणार, तिचा थोडा वाटा चालकाच्या पायांकडे वळवायचा. जास्तीचे इंधन जवळजवळ लागत नाही.

६/ मग जीपमध्ये हीटर का नव्हता? उत्तर १९४० च्या उन्हाळ्यात सापडते. अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांकडे प्रस्ताव मागितले. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता आणि वजनाची मर्यादा होती १,३०० पौंड, म्हणजे सुमारे ५९० किलो. चारही चाकांना गती देणारी गाडी एवढ्या वजनात बसणे अशक्य होते.

७/ पुढे ही मर्यादा २,१६० पौंडांपर्यंत वाढली. तरीही अभियंते एकेक पौंडासाठी झगडत होते. अशा हिशेबात हीटरच काय, दरवाजेही टिकले नाहीत. घाई, वजन, किंमत आणि उत्पादनाचा वेग ही खरी कारणे. विलीज आणि फोर्ड यांनी मिळून १९४५ पर्यंत सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. या आकड्यामागे माणसाच्या काटकपणाचे कोणतेही मोजमाप नव्हते.

८/ येथे एक आक्षेप रास्त आहे. जीप उघडी गाडी होती. काच पुढे बॉनेटवर आडवी व्हायची, छत कापडी, बाजू मोकळ्या. शत्रूच्या नजरेला ती कमी दिसावी आणि सैनिकाला क्षणात उडी मारून बाहेर पडता यावे, हा त्यामागचा विचार. अशा गाडीत ऊब टिकणार कशी?

९/ आक्षेप खरा आहे, पण तो काटकपणाच्या दंतकथेला आधार देत नाही, उलट ती खोडून काढतो. कारण मग हीटरचा अभाव ही रचनेतील तडजोड ठरते. तडजोडीची किंमत असते आणि ती कोणीतरी मोजतो. येथे ती चालकाच्या बोटांनी आणि पायांनी मोजली.

१०/ दुसरा पुरावा याहून बोलका आहे. त्याच लष्करासाठी, त्याच युद्धात डॉज कंपनीने ‘डब्ल्यूसी-५४’ ही रुग्णवाहिका बनवली. अशा सुमारे २६ हजार गाड्या तयार झाल्या. बंदिस्त धातूची बांधणी, खालीवर होणाऱ्या काचा, धक्के कमी बसावेत म्हणून मऊ स्प्रिंगा. आणि हीटर.

११/ म्हणजे थंडी शरीराचे काय करते हे लष्कराला ठाऊक होते. हीटर कसा बसवायचा हेही ठाऊक होते. जखमी झालेल्या सैनिकाला ऊब देणे आवश्यक मानले गेले, धडधाकट सैनिकाला ती देणे परवडणारे मानले गेले नाही. युद्धाच्या हिशेबात हा निर्णय समजण्याजोगा असेल. पण तो निर्णय होता, हे विसरता कामा नये.

१२/ काटक माणसांना थंडी बाधत नव्हती काय? १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम युरोपात लढणाऱ्या अमेरिकन सैन्यातील चाळीस हजारांहून अधिक जणांना थंडीच्या इजांमुळे उपचारांसाठी दाखल करावे लागले. त्यांतील बहुतेक चिखलात आणि खंदकात उभे असलेले पायदळ होते, जीपमधले नव्हे. पण माणसे त्याच पिढीची होती. त्यांचे पाय सडले, गोठले, कापावे लागले.

१३/ १९५० च्या अखेरीस कोरियातील चोसिन जलाशयाभोवती पारा उणे ३० अंशांच्या आसपास उतरला. गाड्यांची इंजिने बंद केली तर पुन्हा सुरू होतील याची खात्री नसे, म्हणून ती ठरावीक वेळाने चालवावी लागत. अतिशीत प्रदेशासाठी बंदिस्त छत आणि हीटर असलेले संच त्या काळातील लष्करी जीपसाठी होते. पण असे साहित्य हिवाळ्याआधी आघाडीवर पोहोचले नाही, तर ते वरातीमागून आलेले घोडे.

१४/ आता युद्ध बाजूला ठेवू आणि शेतात येऊ. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर प्रथम लोकांसमोर आली. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाचा तुटवडा होता, म्हणून तिचा बाह्यभाग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी. सुरुवातीला दरवाजांचे वरचे भाग आणि छतसुद्धा जादा पैसे देऊन घ्यावे लागत, तिथे हीटरची काय कथा!

१५/ “पाहा, शेतकरीही काटक होता,” असे म्हणायला येथे जागा दिसते. पण त्याच १९४८ सालच्या अखेरीस त्याच गाडीच्या सांगाड्यावर टिकफर्ड या नामांकित कारखान्याने बांधलेली सात आसनी स्टेशन वॅगन आली. तिच्यात कातडी आसने होती, अखंड काच होती आणि हीटर होता.

१६/ साधी लँड रोव्हर कामाची गाडी म्हणून खरेदी-करातून सुटत होती. टिकफर्डची वॅगन मात्र मोटारगाडी ठरली आणि तिच्यावर कर लागला. ती महाग पडली. सातशेही विकल्या गेल्या नाहीत, आणि त्यांतील बहुतेक परदेशी गेल्या.

१७/ चासी तीच, साल तेच, इंग्लंडचा हिवाळाही तोच. फरक होता तो ऐपतीचा. ज्याच्याकडे पैसा, त्याच्या पायांना ऊब. ज्याच्याकडे गुरे आणि शेत, त्याच्या पायांना घोंगडी. पुढच्या मालिकांतही हीटर दीर्घकाळ जादा साहित्याच्या यादीतच राहिला. या फरकाला काटकपणा म्हणणे म्हणजे गरिबीला गुण ठरवणे होय.

१८/ हीटर म्हणजे चैन, हा समजही तपासायला हवा. बंद गाडीत श्वासाची वाफ काचेवर धरते, बाहेरून बर्फ साचते आणि चालक आंधळा होतो. काच स्वच्छ ठेवणारी गरम हवा त्याच हीटरमधून येते. अमेरिकेत १९६८ पासून लागू झालेल्या सुरक्षा-मानकांनी काचेवरील बर्फ आणि वाफ हटवणारी यंत्रणा बंधनकारक केली. कायद्याने तिला चैनीत धरले नाही.

१९/ भारताचा धागा येथे जुळतो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली. मुंबईच्या दमट हवेत हीटर मागणारा वेडाच ठरला असता. कोकणात, देशावर हीटर नसणे हा शहाणपणा. त्याच साच्याची गाडी हिमालयात चढली की तेच नसणे उणीव ठरते. वस्तूचा अर्थ ती कोठे आणि कोणाच्या वाट्याला येते, यावर ठरतो.

२०/ दंतकथेची खरी हानी येथेच दिसते. ऑक्टोबर १९६२ मध्ये नामका चू नदीकाठी, जिथे गाडीरस्ताही पोहोचला नव्हता, अशा उंचीवर भारतीय जवान सुती गणवेशात उभे केले गेले. त्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जे. पी. दळवी यांनी ‘हिमालयन ब्लंडर’ या पुस्तकात त्या अपुऱ्या तयारीचा लेखाजोखा मांडला आहे.

२१/ त्या जवानांचे शौर्य निर्विवाद आहे. पण “आमचे जवान सुती कपड्यांत लढले” हे वाक्य केवळ अभिमानाने उच्चारले की त्यातील प्रश्न गळून पडतो : लोकरीचे कपडे का नव्हते, आणि ते पुरवण्याची जबाबदारी कोणाची होती? जीपखाली लिहिले जाणारे काटकपणाचे वाक्य याच जातीचे आहे. ते सैनिकाचा गौरव करते आणि पुरवठा खात्याला निर्दोष सोडते.

२२/ आणखी एक भ्रम जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा. हीटर बसवलेली जीप ‘अस्सल’ नाही, असे ते ठासून सांगतात. पण युद्धकाळातील छायाचित्रे पाहावीत. सैनिकांनी लाकडी फळ्या, पत्रे, ताडपत्री आणि विमानांच्या पारदर्शक काचा वापरून जीपभोवती कोठड्या उभारल्या होत्या. वारा अडवण्यासाठी जे हाती लागेल ते त्यांनी लावले.

२३/ ती ओबडधोबड कोठडी अस्सल नाही काय? कारखान्यातून निघाली त्या दिवशीची गाडी हाच तिचा इतिहास मानला, तर ती चालवणाऱ्याने तिच्याशी दिलेली झुंज इतिहासातून पुसली जाते. ज्याचे जळते त्यालाच कळते, तसे ज्याचे गोठते त्यालाही. त्या फळ्या म्हणजे सैनिकाने नोंदवलेली तक्रार आहे.

२४/ जुन्या वस्तूसमोर उभे राहताना इतिहासाच्या अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत. हे तंत्र तेव्हा उपलब्ध होते का? असल्यास ते कोणाला मिळाले? आणि कोणाला, कोणत्या हिशेबाने नाकारले गेले? जीपच्या बाबतीत तिन्हींची उत्तरे वर आली आहेत. त्यांत काटकपणा हे कारण म्हणून कोठेही येत नाही.

२५/ ती माणसे काटक होतीच. पण हीटर नसल्याचे कारण म्हणून त्यांचा काटकपणा पुढे करणे हा त्यांचा सन्मान नाही. थंडी त्यांनी निवडली नव्हती. ती त्यांना सोसावी लागली, आणि त्यातून बाहेर पडायला त्यांनी मिळेल त्या पत्र्याचा आधार घेतला. त्यांच्याविषयी लिहिताना निदान एवढे खरे लिहावे. (समाप्त)