योगायोगाचें गणित

शाळेंत कवड्या आणून मुलांना दान टाकावयास लावणें कित्येक पालकांस रुचत नाहीं. मुलें विद्या सोडून जुगार शिकतील, अशी त्यांस धास्ती वाटते. संभाव्यतेचें शास्त्र १६५४ सालीं पास्कल व फर्मा यांच्या पत्रव्यवहारांत जुगाराच्याच एका प्रश्नावरून आकारास आलें, हें खरें. परंतु जुगाराचा फोलपणा दाखविण्यास याच शास्त्रासारखें दुसरें साधन नाहीं.

दहावीच्या गणितांत हा विषय आहेच. पण केवळ सूत्र पाठ करून तो मनांत उतरत नाहीं. वाशीम जिल्ह्यांतील कोणत्याही शाळेंत पुढील प्रयोग विनाखर्च करतां येईल. वर्गांतील ६४ मुलांपैकीं प्रत्येकानें एक नाणें पांच वेळां उडवावें. पांचही वेळां छापा पडण्याचा संभव बत्तिसांत एक. म्हणजे असे सरासरीनें दोघे निघावे. वर्ग त्यांना भाग्यवान म्हणेल. त्यांनाच पुन्हा पांच वेळां उडवावयास सांगावें. बहुधा तें भाग्य ओसरलेलें दिसेल. नाण्याला मागील दान आठवत नसतें. हरलेला जुगारी “आतां माझी पाळी” म्हणून पुन्हा पैसे लावतो, तो हें विसरल्यामुळेंच. सर्वांच्या ३२० खेपा एकत्र मांडल्या, तर छापे निम्म्याच्या आसपास येतात.

पुढें कवडी घ्यावी. तिच्या दोन बाजू सारख्या नसल्यामुळें ती उताणी किती वेळां पडेल, हें सूत्रावरून कळत नाहीं. शेंकडों वेळां टाकून, मोजून, लिहूनच तें समजतें.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडते, आणि आपण कावळ्यास बोल लावतों. २००८ सालीं खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर व त्यांचे सहकारी यांनीं एक चाचणी घेतली. तींत २७ ज्योतिषांनीं प्रत्येकीं ४० कुंडल्या पाहिल्या. कुंडली हुशार मुलाची कीं मतिमंद मुलाची, एवढेंच सांगावयाचें होतें. सरासरी ४६ टक्के उत्तरें बरोबर आलीं. नाणें उडवून उत्तरें दिलीं असतीं, तरी निम्मीं बरोबर येण्याची अपेक्षा होती!

फळलेलें भाकीत गांवभर होतें. चुकलेलीं कोणी मोजीत नाहीं. ज्या घरची तूर आणि सोयाबीन पावसावर अवलंबून, तेथील मुलास “हा किती वेळां बोलला आणि किती वेळां खरा ठरला?” असें विचारतां आलेंच पाहिजे. म्हणून पालकांस विनंती कीं, दप्तरांत कवड्या सांपडल्यास रागावूं नये. सोबत मोजणीची वही आहे कीं नाहीं, एवढेंच पहावें.